रयतेच्या शाळेचे शिल्पकार : कर्मवीर भाऊराव पाटील

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. पन्नास वर्षांत आपण काय उभे केले याचा हिशेब मांडताना, ते कोणासाठी उभे केले हा प्रश्नही स्वतःला विचारावा लागतो. आपल्या समाजाने मंदिरे बांधली, धर्मशाळा बांधल्या, पाठशाळा चालविल्या आणि बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृहेही काढली. अशाच एका वसतिगृहातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका जैन विद्यार्थ्याला बाहेर पडावे लागले. तो मॅट्रिकही होऊ शकला नाही. पुढे याच विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील लक्षावधी मुलांसाठी शाळेची दारे उघडली. हा विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील, अर्थात रयतेचे लाडके अण्णा.

अण्णांच्या चरित्रावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे पुतळे गावोगावी आहेत आणि त्यांची जयंती शाळाशाळांतून साजरी होते. तथापि गावातील सर्वसामान्य शाळा कशी सुधारते, तिथे आलेले गरिबाचे मूल कशाने टिकते आणि कशाने पुढे जाते, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या आयुष्याने कसे दिले, हे पाहणे आज अधिक उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे कुंभोजचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पाटील घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे हे कुटुंब वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण गृहिणी होत्या. घरात दिगंबर जैन परंपरेचे संस्कार होते. व्रतवैकल्ये, सोवळेओवळे, रात्रिभोजनत्याग हे सारे नित्याचे होते.

वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. अभ्यासापेक्षा त्यांचा ओढा कुस्ती, पोहणे आणि रानात भटकणे यांकडे अधिक होता. त्यांच्या बालपणीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी शेंदण्याची मुभा नव्हती. कोणी ओंजळीत पाणी घालील म्हणून ती माणसे उन्हातान्हात ताटकळत उभी राहत. हे दृश्य सहन न होऊन या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला. जिथे सर्वांना पाणी नाही, तिथे कोणालाच नको, असा तो बालबुद्धीचा न्याय होता. मोठेपणी मोडण्याऐवजी उभारण्याचा मार्ग त्यांनी धरला, परंतु मनातील न्यायबुद्धी तीच राहिली.

वसतिगृहाचे दार

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा होता. शिक्षण केवळ मूठभर वर्गाची मिरास राहू नये म्हणून महाराजांनी प्रत्येक समाजाला वसतिगृह काढण्यास उत्तेजन दिले होते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली होती आणि जैन समाजातही शिक्षणाचे वारे वाहू लागले होते. बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वान आणि कडक शिस्तीच्या पुरुषाच्या हाती होती.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. ज्या मुलांमध्ये आपण बसून आलो, ती आपल्यासारखीच मुले आहेत, त्यांच्या सहवासाने आपण विटाळलो हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. या प्रकरणाची परिणती त्यांनी बोर्डिंग सोडण्यात झाली. शाहू महाराजांनी त्यांना काही काळ आश्रय दिला. राजवाड्यातील त्या वास्तव्यात महाराजांचे कार्य त्यांना जवळून पाहावयास मिळाले. परीक्षेतील यश मात्र हाती आले नाही आणि त्यांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले.

या घटनेकडे पाहताना त्या वेळच्या व्यवस्थापकांना दोषी ठरविणे सोपे आहे. परंतु तेव्हाचा सारा समाजच त्या रूढीने बांधलेला होता, हे विसरता येत नाही. लठ्ठे हे स्वतः सुधारक होते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले आणि शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. सुधारकाच्या हातूनही एखादे दार बंद होऊ शकते, हाच या प्रसंगाचा बोध आहे.

सत्याची कसोटी

कोल्हापूर सोडून भाऊराव साताऱ्यास आले आणि शिकवण्या करू लागले. स्वतः मॅट्रिक न झालेला हा तरुण इतरांच्या मुलांना इतके मन लावून शिकवीत असे, की पाटील मास्तर म्हणून त्यांचा लौकिक झाला. कमाईही चांगली होऊ लागली. अशा वेळी १९१४ मध्ये त्यांच्यावर एक भयंकर संकट कोसळले.

कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतविण्याचा घाट घालण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्या माणसाच्या शिस्तीमुळे आपल्याला बोर्डिंग सोडावे लागले, त्याचा सूड उगविण्याची ही आयती संधी होती. एक खोटा शब्द उच्चारला असता तर सुटका होती, कदाचित बक्षीसही मिळाले असते. भाऊरावांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, त्यांचा छळ झाला. खोटी साक्ष देण्यापेक्षा मरण बरे, असे वाटून त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले आणि अखेरीस त्यांची सुटका झाली.

सत्यव्रताचे महत्त्व आपण सारेच जाणतो. दशलक्षण पर्वात उत्तम सत्यावर आणि उत्तम क्षमेवर प्रवचने ऐकतो. आपल्याला दूर करणाऱ्या माणसासाठी प्राण पणाला लावताना या तरुणाने ही दोन्ही व्रते एकाच वेळी पाळली. पुढे आयुष्यभर लोकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून धान्य दिले, जमिनी दिल्या आणि आपली मुले त्यांच्या स्वाधीन केली. त्या विश्वासाचा पाया इथे घातला गेला असे म्हणावयास हरकत नाही.

नांगराबरोबर फिरणारा विचार

सुटकेनंतर भाऊरावांनी काही काळ ओगले यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले. या कामाने त्यांना खेडोपाडी हिंडविले. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगराचे महत्त्व पटवून देताना त्यांना त्याच्या घरातील खरी अडचण दिसू लागली. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न वाचताच तो अंगठा उमटवीत होता. नवे अवजार घेण्याची ऐपत नव्हती, आणि ऐपत असली तरी ते समजून घेण्याची दृष्टी नव्हती. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार भाऊरावांवर झालेलाच होता. अविद्येने होणारे अनर्थ आता त्यांनी बांधाबांधावर प्रत्यक्ष पाहिले.

प्रश्न केवळ शाळा नसण्याचा नव्हता. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. इंग्रजी मुलखात मात्र तशी परिस्थिती नव्हती. ज्या गावी चार इयत्ता होत्या, तिथून पुढे शिकायचे तर शहर गाठावे लागे. शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय, या दोन प्रश्नांपाशीच शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण संपत असे. म्हणून भाऊरावांनी वर्गापासून सुरुवात न करता भाकरीपासून आणि निवाऱ्यापासून सुरुवात केली.

तत्पूर्वी १९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दूधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू केला होता. घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि त्यावर आश्रम चालवावयाचा, अशी मुष्टिफंडाची योजना तेथे होती. देणाऱ्याला भार वाटू नये आणि घेणाऱ्याला उपकार वाटू नये, असे हे दान होते. गरिबातील गरीब घराचाही त्यात वाटा असल्यामुळे आश्रम सर्व गावाचा झाला.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

१९१९ च्या विजयादशमीला, ४ ऑक्टोबर रोजी, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेला त्यांनी स्वतःचे, घराण्याचे वा जातीचे नाव दिले नाही. ज्यांच्यासाठी ती होती, त्या रयतेचे नाव दिले. बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि त्यांचेच पुढे खोड होते. संस्थेतून शिकलेल्या मुलाने उद्या संस्थेचा आधार व्हावे, ही अपेक्षा त्या चिन्हात सामावलेली होती.

१९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास हलविण्यात आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. ब्राह्मण, मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, रामोशी अशी सर्व मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. त्या काळात ही गोष्ट किती धाडसाची होती याची आज कल्पना येणे कठीण आहे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. ज्या महाराजांनी बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला आश्रय दिला होता, त्यांचेच नाव आता नव्या बोर्डिंगला लाभले. पुढे १९३२ च्या पुणे करारानंतर त्याची स्मृती म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढण्यात आले. तेथेही सवर्ण व दलित विद्यार्थी एकत्र राहत.

लक्ष्मीबाईंचा त्याग

अण्णांच्या कार्याचा विचार सौ. लक्ष्मीबाईंना वगळून करताच येणार नाही. त्या कर्मठ जैन घराण्यात वाढलेल्या होत्या. सोवळ्याच्या कल्पना त्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. अशा स्त्रीच्या घरात पतीने निरनिराळ्या जातींची मुले आणून ठेवली, तेव्हा तिच्या मनात किती संघर्ष झाला असेल! परंतु आईपुढे सोवळे टिकले नाही. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, पोरक्या मुलाला न्हाऊमाखू घालणे, भुकेल्याला आधी वाढून मग आपण जेवणे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. मुले त्यांना आईच मानू लागली.

वसतिगृहात धान्य संपले, उधारी थकली, की लक्ष्मीबाईंच्या अंगावरील एकेक दागिना मोडला जाई. अखेर अशी वेळ आली, की मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. सौभाग्यलेण्याचे मोल त्या काळातील स्त्रीला काय होते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. अपरिग्रहाचे व्रत मुनिजन दीक्षा घेऊन पाळतात. या गृहस्थाश्रमी स्त्रीने ते स्वयंपाकघरात राहून पाळले. रयत शिक्षण संस्थेच्या पायाचा पहिला दगड त्यांच्या दागिन्यांचा आहे.

कमवा आणि शिका

अण्णा मुलांना अन्न देत, पण फुकट खाण्याची सवय लावीत नसत. वसतिगृहातील मुले शेतात राबत, विहिरी खोदत, दगड फोडत, भाजीपाला पिकवीत आणि इमारतींच्या बांधकामावर श्रम करीत. साताऱ्यातील चार भिंतींच्या परिसरातील खडकाळ माळ विद्यार्थ्यांच्या घामाने लागवडीखाली आला. श्रमाच्या बदल्यात शिक्षण, ही कमवा आणि शिका योजना पुढे महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी स्वीकारली.

या योजनेचा मर्म केवळ पैशाची बचत हा नव्हता. दया म्हणून मिळालेल्या शिक्षणाने मान खाली जाते, कमावलेल्या शिक्षणाने ती वर राहते, हे अण्णांनी ओळखले होते. शिवाय पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच खड्ड्यात कुदळ मारू लागले, की अस्पृश्यतेवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नसे. दक्षिण महाराष्ट्रातील आपला जैन समाज बहुतांशी शेतकरी आहे. मातीत राबणाऱ्या हाताला कमी लेखू नये, हा धडा आपल्यालाही अपरिचित नाही.

या तत्त्वावर १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले. या महाविद्यालयाला स्वतःचे नाव द्यावे या अटीवर एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली होती, परंतु अण्णांनी ती साफ नाकारली, असे सांगतात. पैशाची निकड असतानाही त्यांनी शिवछत्रपतींचे नाव विकले नाही. देणगीदाराच्या नावाची पाटी किती मोठी असावी यावर ज्या समाजात बैठका होतात, त्या समाजाने ही हकीकत अवश्य स्मरणात ठेवावी.

शिक्षक आणि गावची शाळा

अण्णांच्या कार्याचा सर्वांत महत्त्वाचा, परंतु कमी बोलला जाणारा भाग म्हणजे प्राथमिक शाळा. वसतिगृहापर्यंत पोचणारी मुले थोडी असतात. हजारो मुले गावातच राहतात आणि त्यांचे भवितव्य गावच्या शाळेवर अवलंबून असते, हे त्यांनी जाणले होते. शाळा म्हणजे इमारत नव्हे, शाळा म्हणजे शिक्षक, हे सूत्र धरून त्यांनी आधी शिक्षक घडविण्याचे काम हाती घेतले. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यातील तरुणाला खेड्यातील शाळेसाठी तयार करणे, हा त्याचा उद्देश होता. शिक्षकाला वर्गात शिकविता यावे, तसेच गावात राहता यावे, शेतीची व आरोग्याची दोन शहाणपणाची गोष्टी सांगता याव्यात, अशी अपेक्षा होती. स्त्री-शिक्षिकांसाठीही पुढे अध्यापिका विद्यालय काढण्यात आले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि जिथे शाळा नाहीत तिथे व्हॉलंटरी शाळा काढणाऱ्यांना अनुदान देण्याचे धोरण अवलंबिले गेले. योगायोग असा, की त्याच मंत्रिमंडळात अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री होते. अण्णांनी ही संधी साधली. डोंगरकपारीतील, नदीपलीकडील, पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या खेड्यांतून त्यांनी शाळा उघडल्या. इमारतीची वाट पाहिली नाही. कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे चावडीत, तर कोठे एखाद्याच्या पडवीत वर्ग भरू लागले. जागा गावाने द्यावयाची, मुले गावाने पाठवावयाची, शिक्षक संस्थेने द्यावयाचा आणि पगाराला सरकारी अनुदानाची जोड, अशी ही रचना होती. अशा तब्बल ५७८ शाळा संस्थेने चालविल्या. स्वातंत्र्यानंतर त्या जिल्हा स्कूल बोर्डाच्या स्वाधीन करण्यात आल्या आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शिक्षणाचा हा सारा कारभार त्यांच्याकडे गेला.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. रक्ताचे पाणी करून उभारलेल्या ५७८ शाळा एखाद्या संस्थेने सरकारच्या हवाली कराव्यात, ही सामान्य गोष्ट नाही. शाळा आपल्या नावावर राहाव्यात हा अण्णांचा हव्यास नव्हता. मूल शिकावे एवढेच त्यांना हवे होते. साताऱ्याच्या डोंगराळ भागातील अनेक सरकारी शाळांची मुळे अशा रीतीने रयतेच्या मुठीतील धान्यात आणि अण्णांच्या पायपिटीत आहेत. सरकारी शाळा म्हणजे कोणाचीच नव्हे, असे आज ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास जाणून घ्यावा.

कसोटीचा काळ आणि अखेर

१९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. अण्णांना हा आघात सहन झाला नाही. त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि त्यानंतर संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. शेकडो शिक्षकांच्या चुली ज्या अनुदानावर पेटत होत्या, ते बंद झाले होते. दोन शब्द मागे घेतले असते तर प्रश्न मिटला असता. पण १९१४ मध्ये जो मनुष्य तुरुंगात वाकला नाही, तो १९४८ मध्ये वाकणे शक्य नव्हते. अण्णा झोळी घेऊन लोकांकडे गेले. कार्यकर्त्यांनी व गावकऱ्यांनी संस्थेची साथ सोडली नाही. संत गाडगे महाराजांसारख्या लोकोत्तर पुरुषाचे पाठबळ त्यांना लाभलेले होते. यथावकाश अनुदान पुन्हा सुरू झाले. गांधीजींच्या स्मृतीसाठी त्यांनी १०१ माध्यमिक विद्यालये काढण्याचा संकल्प सोडला आणि गावोगावी महात्मा गांधी विद्यालये उभी राहू लागली. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आझाद कॉलेज सुरू झाले.

अंगावर खादी, खांद्यावर घोंगडी, पायांत वहाण नाही, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशी अण्णांची मूर्ती महाराष्ट्राच्या परिचयाची झाली होती. लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. पदवी प्रदान केली. मॅट्रिक न झालेल्या विद्यार्थ्यापर्यंत विद्यापीठ अखेर चालत आले! त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. त्यांच्या निधनापर्यंत संस्थेने ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ अध्यापक विद्यालये, १०८ माध्यमिक विद्यालये आणि ३ महाविद्यालये उभारली होती. पारंब्यांचेही वृक्ष झाले. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २०१९ मध्ये संस्थेने शताब्दी साजरी केली आणि आज तिच्या शाखांची संख्या सातशेच्या पुढे गेली आहे.

आपल्यासाठी बोध

अण्णांना केवळ जैन म्हणून आपल्या चौकटीत बसविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते सर्व रयतेचे होते. तथापि आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चतुर्विध दाने आपल्या धर्माने श्रावकाला सांगितली आहेत, आणि त्यांच्या वसतिगृहात ही चारही दाने एकत्र नांदत होती, हे जैन वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. भुकेल्याला भाकरी, आजाऱ्याला शुश्रूषा, जातीच्या भयापासून अभय आणि मग ज्ञान, असा त्यांचा क्रम होता. पहिली तीन नसतील तर चौथे मुलापर्यंत पोचतच नाही, हे त्यांनी सिद्ध केले. केंद्र सरकारने प्राथमिक शाळांतील मध्यान्ह भोजनाची योजना १९९५ मध्ये सुरू केली. लक्ष्मीबाईंची चूल त्याच्या सात दशके आधी पेटलेली होती.

आज सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आहे, गावोगावी शाळा आहे, पोषण आहार आहे, पुस्तके आहेत. तरीही गावातील सधन घरांची मुले गाडीत बसून दूरच्या शाळेत जातात आणि गावची शाळा ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांच्यापुरती उरते. आपल्या घरांतील चित्र याहून वेगळे आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. ज्या शाळेत आपले मूल नाही, तिच्या गळक्या छपराची चिंता आपल्याला राहत नाही. अण्णांनी ५७८ गावांना शाळेचे वाटेकरी केले होते. तो वाटा आपण हळूहळू सोडून दिला आहे.

यावर उपाय फार मोठे नाहीत. आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीतील काही भाग जातिधर्म न पाहता गावच्या शाळेतील गरजू मुलांसाठी ठेवता येईल. समाजातील निवृत्त शिक्षकांना आठवड्यातून दोन दिवस त्या शाळेत कच्च्या मुलांचे वाचन व गणित पक्के करून घेता येईल. पावसाळ्यात ज्यांना येणे-जाणे अशक्य होते अशा वाडीवरच्या मुलांसाठी आपल्या धर्मशाळेतील दोन खोल्या उघडता येतील. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात प्रत्येक घराने रोज मूठभर धान्य बाजूला ठेवले, तरी दूधगावचा मुष्टिफंड पुन्हा जिवंत होईल.

१९०८ मध्ये एका विद्यार्थ्याने स्नान करण्यास नकार दिला आणि एका बोर्डिंगचे दार त्याला बंद झाले. त्या दाराबाहेर उभे राहून त्याने राग धरला नाही, तर दार नसलेली शाळा उभी केली. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आपल्या वास्तूला नवा रंग दिला जाईल, तोरणे बांधली जातील. त्याच वेळी आपले एखादे दार अजून कोणासाठी बंद आहे काय, हे आपण पाहावे आणि असल्यास ते उघडावे. कर्मवीर अण्णांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग दुसरा नाही.